कार्डावरची इंजिनीअर

हुडकेश्वर, नागपूर
११ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतःच ठरवतेस. शिवाय तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि माझी गोष्ट अख्ख्या भिवापूरला कळायला नको आहे. तेव्हा चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच ओरडू नकोस.

मला कॉलेज सोडायचं आहे.

झालं ओरडून? आता पुढचं. बी.टेक.ची अडीच वर्षं झाली, दीड उरलं आहे. उमरेड रोडचा प्लॉट माझ्या प्रवेशातच गेला, हे तुला माहीत आहे. बाबा सकाळ-संध्याकाळ शाळेची व्हॅन चालवतात आणि मधल्या वेळात, ज्या उन्हात कुत्रंही गाडीखालून बाहेर येत नाही त्या उन्हात, लोकांची पार्सलं पोचवतात. आई विचारते, "कसं सुरू हाय वं कॉलेज?" मी म्हणते, "मस्त." आणि मला स्वतःचाच राग येतो.

कारण मस्त काही नाही. सर येतात, मोबाईलवरचा व्हिडिओ भिंतीवर लावतात आणि व्हरांड्यात जाऊन बोलत बसतात. तोच व्हिडिओ मला घरी बसून फुकट दिसतो. बाकीचं लिहीत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी भावना बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत आहे. तिथे मशीन दुरुस्तीच्या खात्यात शिकाऊ मुली घेणार आहेत. मार्चच्या शेवटी जागा भरतील. पगार थोडा, पण काम हाताचं आणि खरं. मी जायचं ठरवलं आहे.

बाबा तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. मोठी बहीण म्हणून तूच त्यांना सांग. एवढं एकच मागते.

तुझी,
पायल

---

भिवापूर
१७ जानेवारी २०२६

चि. पायल,
जय भीम.

ओरडले. शेजारच्या इंदूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. मी म्हटलं, "साप नाही बाई, माह्या भाचीचं पत्र हाय."

आधी हे सांग, तो कोण आहे? बुटीबोरीतच कामाला आहे का? मी काही जुन्या वळणाची नाही. मुलगा चांगला असेल तर डिग्रीनंतर बघू. पण उगाच सूतगिरणी नि मशीन नि हाताचं काम असलं काही सांगू नकोस. मुलगी शिक्षण सोडते म्हणते तेव्हा कुठेतरी एक मोटरसायकल उभी असते, एवढं मला कळतं.

आणि आता तुझ्या आजोबांची गोष्ट ऐक, कारण तुझ्या बापानं ती तुला नीट सांगितलेली दिसत नाही. आमचे आबा, धोंडबा मेश्राम, छप्पन साली दीक्षाभूमीवर होते. ऐन पंचविशीतले, शिक्षण चौथी. घरात पहिलं लग्न निघालं तेव्हा कार्डावर निमंत्रकांची नावं कोणत्या क्रमानं घालायची, यावर सगळे भांडायला लागले. थोरले काका म्हणे माझं आधी. आबा म्हणाले, "वयाचं नाही, मानाचं नाही. जो जास्त शिकला, त्याचं नाव वर." आणि स्वतःचं नाव त्यांनी सगळ्यांत शेवटी लिहिलं : धोंडबा मेश्राम, इयत्ता चौथी. लोक हसले. पुढच्या वर्षी त्याच लोकांनी पोरं शाळेत घातली.

तेव्हापासून आपल्याकडे हीच रीत आहे. माझं नाव कायम तळाशी असतं, सौ. प्रेमिला गजभिये, दहावी. इकडे मिरचीची देठं खुडणाऱ्या पन्नास बायकांवर हुकूम चालवते, पण कार्डावर तळाशी. मला त्याची लाज नाही. वर कोण आहे ते बघून माझी मान ताठ होते.

तर आमच्या अश्विनच्या लग्नाची कार्डं परवाच छापून आली. पंधरा फेब्रुवारी, रविवार. निमंत्रकांत सगळ्यांत वर काय आहे, वाच : कु. पायल रविंद्र मेश्राम, बी.टेक. (विद्युत).

हो, छापून टाकलं. दीड वर्ष म्हणजे काय गं, पोळी तव्यावर पडली म्हणजे झालीच म्हणायची. आता तू कॉलेज सोडलंस तर तुझी आत्या छापील खोटारडी ठरते. रविंद्रला मी काहीही सांगणार नाही. निमूट अभ्यास कर आणि लग्नाला चांगली साडी नेसून ये.

तुझी,
आत्या

---

हुडकेश्वर, नागपूर
२२ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

मोटरसायकल कुठेही उभी नाही. उभी असती तर बसने कॉलेजला गेले नसते.

तू हे फार वाईट केलंस. जी डिग्री मला मिळाली नाही, ती माझ्या नावापुढे लावून तू गावभर वाटते आहेस. आबांनी चौथी होते म्हणून चौथीच लिहिलं, पाचवी नाही लिहिलं. अजून वाटली नसतील तर पेनानं खोड.

लग्नाला येईन, कारण अश्विनदादाचं लग्न आहे. सूतगिरणीचं माझं ठरलं आहे.

पायल

---

भिवापूर
१८ फेब्रुवारी २०२६

चि. पायल,

लग्न झालं, पाहुणे गेले, मंडप सुटला, आणि मी मोकळ्या अंगणात बसून तुझ्यावर चिडते आहे. तू न जेवता निघून गेलीस. तुझी आई रडत होती. रविंद्र तर सरळ व्हॅनमध्ये जाऊन बसला.

झालं काय होतं? संध्याकाळी जेवणाच्या पंगती बसल्या आणि लाईट गेली. जनरेटर घुर्र करून गप्प बसला. डेकोरेशनवाला गावात कुठेतरी दुसऱ्या लग्नात. आमच्या सूनबाईचे, प्रणालीचे काका विश्वनाथजी मोठ्यानं म्हणाले, "अरे, इंजिनीअर मॅडम हाय ना इथं! कार्डावर छापून राहिलं ना, विद्युत म्हणून! या बरं मॅडम, पहा त्याले काय झालं." त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. सगळ्यांनी मोबाईलचे टॉर्च तुझ्यावर धरले. आणि तू त्या जनरेटरसमोर हात बांधून उभी राहिलीस.

अगं, वाकायचं तरी होतंस! एखादी वायर हलवायची, काहीतरी पुटपुटायचं, "पार्ट गेला" म्हणायचं. लोकांना तेवढंच हवं असतं. तू सरळ म्हणालीस, "मले येत नाही." दोनशे माणसांत. कुणीतरी फिसकन हसलं, ते मला या बहिऱ्या कानानंसुद्धा ऐकू आलं. मग महावितरणलाच दया आली आणि लाईट परत आली, पण तोपर्यंत तू रस्त्याला लागली होतीस.

आता मला खरं सांग. अडीच वर्षं तिथे तुला काय शिकवलं? की तूच वर्गात बसत नव्हतीस?

आत्या

---

हुडकेश्वर, नागपूर
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय आत्या,

जे लिहायचं नाही म्हणाले होते, ते लिहिते.

मी एकही दिवस वर्ग चुकवला नाही. पण आत्या, मी आजपर्यंत एकही जनरेटर उघडलेला नाही. उघडलेला पाहिलाही नाही. आमच्या कॉलेजात यंत्रांची लॅब आहे. तिच्यात चांगली मोठी मशीनं आहेत असं म्हणतात, कारण दाराला कुलूप असतं. तपासणीची समिती येते तेव्हा उघडतात, फुगे लावतात आणि पुन्हा बंद करतात. आम्ही प्रयोगवही वरच्या वर्गाकडून उतरवतो. त्यांनी त्यांच्या वरच्यांकडून उतरवलेली असते. आकडे तेच, आलेख तोच. सर सही करतात, पंचवीसपैकी तेवीस देतात. मला तेवीस मिळाले आहेत. न पाहिलेल्या मशीनचे तेवीस.

त्या दिवशी टॉर्च माझ्या तोंडावर पडले तेव्हा मला लोकांची लाज वाटली नाही. बाबांची वाटली. ते गर्दीत मागे उभे होते आणि हसून विश्वनाथजींना म्हणत होते, "पाहून राहिली ना ते, होते आता." त्यांची खात्री होती. मी "येत नाही" म्हटल्यावर त्यांचं हसू जसं गेलं, ते मला रोज दिसतं. मी त्या माणसाचा प्लॉट आणि त्याच्या दुपारी खाल्ल्या आहेत.

वायर हलवून पुटपुटता मलाही आलं असतं. पण मग कॉलेज करतं तेच मी केलं असतं.

पुढच्या आठवड्यात बाबांना सांगणार आणि मग जाऊन नाव काढून टाकणार. आता तू काहीही लिही.

पायल

---

भिवापूर
९ मार्च २०२६

चि. पायल,
जय भीम.

शुक्रवारी मी नागपुरात होते. तुला सांगितलं नाही. कान दाखवायला आले होते, तो काही सुधारायचा नाही म्हणे, म्हणून दुपार मोकळी मिळाली. सरळ तुझ्या कॉलेजात गेले.

गेटवरचा म्हणाला, "कुठं चालल्या आजी?" मी म्हटलं, "नातीची ॲडमिशन करायची हाय." मग काय विचारतेस! मला एसीत बसवलं. टाय लावलेला एक पोरगा आला, गुळगुळीत पुस्तक दाखवलं, त्यात हसणाऱ्या मुली. मी म्हटलं, "फोटो राहू द्या जी. मले मशिनवाली खोली दाखवा."

"ते आज बंद आहे मॅडम."

"मंग उद्या येतो."

"उद्या पण... म्हणजे प्रॅक्टिकल असलं की उघडते."

"प्रॅक्टिकल कधी राहते?"

त्यानं मला आणखी एक चहा सांगितला. चहा चांगला होता. बाहेर पडताना मी स्वतःच मागच्या बाजूला गेले आणि काचेला नाक लावून पाहिलं. मशीनवर चादर आणि चादरीवर धूळ. आमच्या इथे मिरचीच्या पोत्यांवरही एवढी धूळ बसू देत नाही मी, बायकांना झाडायला लावते.

पायल, तू खरं बोललीस आणि मी तुला मोटरसायकल विचारत बसले. कार्डावर मी खोटं छापलं, त्याची शिक्षा तू भोगलीस, ते मला फार लागलं आहे. आबांनी शिकलेल्याचं नाव वर घालायला सांगितलं होतं, फी भरलेल्याचं नाही.

सोड ते. रविंद्रशी मी बोलते. बुटीबोरीला जा. तुझी आत्या तुझ्या बाजूला आहे.

आत्या

---

हुडकेश्वर, नागपूर
९ मार्च २०२६

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे तू रागावलेली असशील. तर खूश हो. मी कॉलेज सोडत नाही.

बाबांना सांगायचा धीर झाला नाही, म्हणून आधी कागद हातात घेऊ म्हटलं. आज सकाळी ऑफिसच्या खिडकीवर गेले. या खिडकीवर माझं एक काम कधी एका खेपेत झालेलं नाही. साध्या बोनाफाईडसाठी चपला झिजवल्या आहेत. पण आज मी म्हटलं, "नाव काढायचं आहे," तर क्लार्कने मला आत बोलावून खुर्ची दिली. "सोडून राहिली का? ठीक हाय. हा फॉर्म घे, इथं सही, इथं सही, झालं." पेनसुद्धा त्यानंच दिलं.

मी विचारलं, "आणि फी?"

"फी परत नाही भेटत."

मी पेन हातात धरून बसले. लॅब उघडायला यांना अडीच वर्षं पुरली नाहीत आणि मला घालवायला दोन मिनिटं लागत होती. मी गेले तर यांचं काहीच जाणार नव्हतं. प्लॉट आमचा गेला, दुपारी बाबांच्या गेल्या, आणि वर जागा मोकळी करून द्यायची तीही मीच. मला असा संताप आला! मी पेन परत दिलं आणि विचारलं, "यंत्रांच्या लॅबची किल्ली कुणाकडे असते?"

"तुले काहून पाहिजे किल्ली? तू तं सोडून राहिली ना!"

"नाही सोडून राहिली," मी म्हटलं.

भावनाला मघाशीच सांगून आले की माझी जागा दुसऱ्या मुलीला द्या. ती म्हणाली, "वेडी झाली का वं?" झाले असेन. किंमत देऊन झाली आहे, आत्या. आता माल घेतल्याशिवाय दुकानातून उठणार नाही.

तुझी,
पायल

---

भिवापूर
१४ मार्च २०२६

चि. पायल,

आपली पत्रं वाटेत कुठेतरी उमरेडच्या आसपास एकमेकांना ओलांडून गेली. तू माझं ऐकलंस आणि मी तुझं, तेही एकाच दिवशी. मेश्रामांच्या घरात असं याआधी झालेलं नाही. आता भांडायचं कुणाशी?

मला भीती वाटते, ती लिहूनच टाकते. लॅब उघडली, डिग्री मिळाली, आणि तरी नोकरी नाहीच लागली तर? इथे बी.ए., एम.ए. झालेली पोरं चौकात बसून असतात. बुटीबोरीची जागा हातची होती, ती तू सोडलीस. हे सगळं करण्याइतकी त्या डिग्रीची किंमत आहे का, मला सांगता येत नाही. तुला येतं का?

पण ठरवलंच असशील तर दोन गोष्टी ऐक. एकटी भांडू नकोस. आमच्या इथे एक बाई बोलली की तिला म्हणतात, उद्यापासून येऊ नको. सगळ्या उठल्या की मालक पाणी विचारतो. दुसरं, रविंद्रला तू स्वतः सांग. मी नाही सांगणार. तो चिडेल असं तुला वाटतं, पण लग्नापासून तो तुझीच वाट बघतो आहे.

आत्या

---

हुडकेश्वर, नागपूर
३० मार्च २०२६

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

बाबांना सांगितलं. व्हॅन धूत होते. तेवीस गुणांचंही सांगितलं. ते बराच वेळ एकच काच पुसत राहिले. मग म्हणाले, "मले वाटलं तुले जमत नाही, अन् तू लाजून राहिली." बस, एवढंच. आत्या, इतके दिवस त्या माणसाला वाटत होतं की त्याची मुलगी ढ आहे, आणि तरी तो रोज पार्सलं पोचवत होता. मी खूप रडले.

मग वर्गात बोलले. आधी फक्त चंदन तयार झाला. त्याच्या घरी पूर्वी हातमाग होते. तो म्हणाला, "माग बंद करून बापानं मले इथं टाकलं, अन् इथंही मशीन बंदच." वेळापत्रकात लॅबचा तास असेल तेव्हा आम्ही दोघं वह्या घेऊन लॅबच्या दारासमोर फरशीवर बसायला लागलो. घोषणा नाहीत, काही नाही. कुणी विचारलं की सांगायचं, आमचा तास सुरू आहे. दुसऱ्या आठवड्यात अर्धा वर्ग बसला. मुली जास्त होत्या.

प्राचार्यांनी मला बोलावलं. इंटर्नलचे गुण त्यांच्या हातात आहेत, हे हसत हसत सांगितलं. आणि पालकाला घेऊन या म्हणाले.

बाबा व्हॅनचा खाकी शर्ट घालूनच आले. प्राचार्य म्हणाले, "तुमची मुलगी बंद दारासमोर बसून वातावरण खराब करते." बाबा खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "सर, मी रोज लहान पोरं शाळेत सोडतो. कधी कधी गेट बंद राहते. म्हणून मी पोरं घरी परत नेत नाही. गेट उघडेपर्यंत थांबतो. तुम्ही उघडा, पोरगी उठंल."

आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. प्राचार्यांनी घंटी वाजवून किल्ली मागवली.

आणि किल्ली सापडेना! क्लार्क म्हणे शिपायाकडे, शिपाई म्हणे सरांकडे, सर म्हणे मागच्या तपासणीपासून कुणी पाहिलीच नाही. शेवटी प्राचार्य वैतागून म्हणाले, "तोडा मग, तुमच्या जबाबदारीवर." बाबांनी व्हॅनमधून हातोडी आणली आणि माझ्या हातात दिली. मी तोडलं. चार घाव लागले, चौथा कुलूप धरलेल्या चंदनच्या बोटाला लागता लागता राहिला.

चादरी काढल्या. पहिल्या दिवशी नुसती झाडझूड केली. दुसऱ्या दिवशी मोटर सुरू केली तर गरगर करून बंद पडली. सर दारात उभे होते. ते आत आले, बाह्या सारल्या आणि म्हणाले, "मी पण हे मशीन नोकरीच्या पहिल्या वर्षीच चालवलं होतं. बघू." आत वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश झिजले होते. आम्ही बाजारातून आणून बसवले. परवा दुपारी मशीन सुरू झालं, त्यानं वेग धरला, आणि त्याला जोडलेले बल्ब एकेक करून पेटले. माझ्या प्रयोगवहीत पहिल्यांदा माझे स्वतःचे आकडे आहेत. वरच्यांच्या वहीशी जुळत नाहीत. सर म्हणाले, "तुमचेच ठेवा."

गुण कापायची धमकी प्राचार्यांनी मागे घेतलेली नाही. कापतीलही. तू विचारलंस, डिग्रीची एवढी किंमत आहे का. मला माहीत नाही, आत्या. नोकरी लागेल की नाही, तेही माहीत नाही. पण खोटी डिग्री घेऊन मी इथून निघणार नाही आणि खरी घेतल्याशिवायही निघणार नाही, एवढं ठरलं आहे.

तुझी,
पायल

---

भिवापूर
३ एप्रिल २०२६

चि. पायल,
जय भीम.

पत्र अश्विनकडून मोठ्यानं वाचून घेतलं. अंगणात सगळ्यांनी ऐकलं, ऐकू दे. रविंद्र बोलला त्या ठिकाणी प्रणालीनं पुन्हा वाचायला लावलं. मी पदर डोळ्याला लावला, मिरचीचं निमित्त होतंच.

एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी तुमच्या कॉलेजात मी काचेला नाक लावलं ते एकाच खोलीच्या नाही. शेजारी पुस्तकांची खोली आहे, मोठी, कपाटं छताला लागलेली. तिलाही कुलूप होतं.

तेरा तारखेच्या सोमवारी सकाळच्या बसनं येते. इंदूबाईही येते म्हणतात. रविंद्रला सांग, शाळेची पोरं सोडली की व्हॅन तिकडेच घे.

आत्या